पडद्याची दोरी

या, अशा पुढं या. त्या खांबाला पाठ लावून बसा, दगड गार आहे. बुवांना यायला अजून अवकाश आहे. पेटीवाले आत्ताशी पेटीवरची धूळ झटकतायत. तोवर मी तुम्हांला एक आख्यान सांगते. यात राजा नाही, राक्षस नाही, आणि शेवटी कुणी देव धावूनही येत नाही. पण ते याच मंडपात घडलेलं आहे, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मी तिथं होते.

"बुवा काल कुठवर आले?"

दस्तगीर उस्ताद रोज सकाळी हेच विचारायचे. ती समोरची ओवरी दिसते ना, तिथं आमची कारचोब मांडलेली होती. कारचोब म्हणजे लाकडी चौकट. बाजेएवढी लांब, तिच्यावर किरमिजी मखमल ढोलकीच्या कातड्यासारखी ताणून बसवलेली. एका अंगाला ते, दुसऱ्या अंगाला मी, मध्ये मखमल.

"काल राक्षसाची फौज नदीपाशी आली आणि बुवांनी आरती लावली," मी म्हटलं.

"म्हंजे राक्षस आज बी जिताच?"

"आज बी जिता."

"बग. बुवांना एक राक्षस मारायला चार दिवस लागत्यात. मी तेवढ्यात दोन मोर उभे करतो." आणि हसत हसत सुई माझ्यापुढं धरायचे, "ओव जरा. तुझे डोळे तरणे हायत."

मी सुईत दोरा ओवून द्यायची. मला वाटायचं, उस्तादानं शिष्याकडून करून घ्यायची ही एक सेवाच.

तो पडदा कशाचा, ते आधी सांगायला हवं. आमच्या गणपतीच्या गाभाऱ्याला एरवी पडदा नसतो. माघ शुद्ध प्रतिपदेला तो लागतो, आणि तीन दिवस देव कुणाला दिसत नाही. चतुर्थीला दुपारी बारा वाजता जन्माचं कीर्तन ऐन रंगात येतं, बुवा चिपळीचा हात वर करतात, दोरी ओढली जाते, पडदा सरतो, गुलाल उडतो आणि देव दिसतो. मी लहानपणापासून ते बघत आले आणि दर खेपेला रडत आले. ती दोरी ओढण्याचा मान दस्तगीर उस्तादांच्या घराचा. फार मागं, पेशवाईत, कुणा सरदारानं तो पडदा भरून घेतला होता. भरणारा उस्तादांचा खापरपणजा. तुला काय हवं, असं सरदारानं विचारल्यावर तो म्हणाला म्हणे, की मी भरलेला पडदा मलाच सारू द्या. तेव्हापासून ती दोरी त्यांच्या घरात होती.

पण खापरपणज्यानंतर कुणाच्याच वाट्याला नवा पडदा भरणं आलं नव्हतं. आज्यानं डागडुजी केली, बापानं अस्तर बदललं, उस्तादांनी निसटलेल्या टिकल्या लावल्या. दोनशे वर्षांची ती मखमल शेवटी नुसत्या बोटानं फाटायला लागली, तेव्हा देवस्थाननं ठरवलं की जुन्याबरहुकूम नवा करायचा. तीच कोयरी, तेच आठ मोर, मध्ये तोच डाव्या सोंडेचा गणपती. चांदीची जर सुरतेहून आली. उस्ताद तेव्हा सत्तरीला टेकलेले.

"मला दुसरं काय बी नको बेटी," ते म्हणायचे. "माझा पडदा आन माझी दोरी. एवढं एक डाव होऊ दे, मग बोलाव म्हनावं वर."

आणि मी कोण? द्वारका. इथल्या गुरवाची बहीण. नवऱ्यानं घालवून दिलेली. देवळामागच्या दोन खोल्यांत केशवदादाचा संसार, त्यात मी सातवं तोंड. उस्तादांच्या घरी जाऊन जरकाम शिकले म्हणून हाताला काम आणि वहिनीच्या तोंडाला थोडा लगाम. कीर्तन मात्र कधी चुकवलं नाही. सासरी जे सोसलं ते बुवांच्या गळ्यानं धुऊन निघायचं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

त्या वर्षी पौषात रोज चार वाजता टेंबेबुवांचं कीर्तन होतं.

मी चुकले तो दिवस पौषातलाच. सहा मोर भरून झाले होते, दोन राहिले होते. मधल्या गणपतीची जागा मोकळी होती. मोरांचा आणि गणपतीचा खाका मी आषाढातच जुन्या पडद्यावरून उतरवून घेतला होता. खाका म्हणजे पातळ कागदावर नक्षी काढायची आणि तिच्या रेषारेषेवर सुईनं भोकं पाडायची. तो कागद मखमलीवर ठेवून वरून रॉकेलमध्ये कालवलेली खडूची पूड बोळ्यानं पुसली, की भोकांतून पूड खाली उतरते आणि मखमलीवर पांढरी नक्षी उमटते. आता आठ मोरांना आठ खाके कुणी करत नाही. एकच करायचा. तो सुलटा ठेवला की मोर इकडं बघतो, उलटा ठेवला की तिकडं. समोरासमोरचे मोर असेच निघतात. हे आम्हां लोकांच्या हातात इतकं मुरलेलं असतं की एक उमटला की हात आपोआप कागद पालथा करतो.

दोन मोर मी टाकले. एक सुलटा, एक उलटा. साडेतीन वाजून गेले होते. मंडपात टाळ वाजायला लागले होते.

"द्वारके, गणपती उद्या टाक," उस्ताद म्हणाले. "घाई हाय तुला."

"आत्ता टाकते की. दोन मिनिटांचं काम. आज राक्षस मरणार आहे उस्ताद."

"मग जा बाई. मरायच्या आत पोच."

मी गणपतीचा खाका उलगडला, मखमलीवर ठेवला, बोळा फिरवला, कागद उचलून गुंडाळला आणि रॉकेलच्या वासाच्या हातांनीच कीर्तनाला जाऊन बसले. त्या दिवशी बुवांनी राक्षस मारला. मी पदरानं डोळे पुसले.

पुढचे तीन आठवडे गणपतीचं अंग, पितांबर, आसन मी भरलं. मी बसायची देवाच्या डोक्याच्या बाजूला, त्यामुळे मला सगळं उफराटं दिसायचं. तसं बसून बसून डावं काय अन् उजवं काय, याचा विचारच उरत नाही. पांढरी रेष दिसते आणि सुई तिच्यामागं जाते. चेहरा आणि सोंड उस्तादांनी शेवटच्या चार दिवसांवर ठेवली होती.

त्या चार दिवसांत त्यांनी सकाळीच सुया ओवून घेऊन मला ओवरीतून उठवलं. "चेहरा भरताना दुसऱ्याची नजर नसावी," म्हणाले. "आमच्या घरची रीत हाय." चौकटीवर मलमलीचं फडकं ओढून घेतलं, दोन्ही हात त्याच्याखाली घातले आणि मान भिंतीकडं वळवून भरायला लागले. मी लांबून बघायची आणि मला वाटायचं, केवढी ही विद्या. कामाकडं न बघता काम करतात. चौथ्या दिवशी त्यांनी मलमलीवरून टाके घालून चेहरा झाकून टाकला. तो आता देवासमोरच उघडायचा, ही मात्र खरोखरची रीत होती.

मधल्या पौर्णिमेला जुना पडदा वाजतगाजत नदीत सोडला होता. जीर्ण झालेली देवाची वस्तू घरात ठेवत नाहीत.

प्रतिपदेची सकाळ. हाच मंडप. देवस्थानचे सरपंच बापूसाहेब इनामदार, बाकीचे विश्वस्त, भटजी, आमचा केशवदादा, गावातली वीस-पंचवीस माणसं. उस्तादांनी धुवट पांढरा सदरा घातला होता, डोक्याला जरीची टोपी. पायऱ्या चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गुडघे दुखत असतील, असं मी धरून चालले. आम्ही दोघांनी पडदा चटईवर उलगडला आणि मी मलमलीचे टाके कापले.

सकाळचं ऊन दारातून आत आलं होतं, आणि ती चांदी अशी लकाकली की केशवदादाचे हात आपसूक जोडले गेले. तो चेहरा, सांगते तुम्हांला, तसा चेहरा मी पुन्हा कुठं बघितला नाही. कानाची पाळ जिवंत वाटावी असा उठाव.

मग भटजी खाली वाकले. आणि वाकलेलेच राहिले.

"बापूसाहेब," ते म्हणाले, "सोंड बघितलीत?"

मी पहिल्यांदा देवाला सुलट्या बाजूनं बघत होते. सोंड उजवीकडं वळली होती. मोदक उजवीकडच्या हातात गेला होता.

ती दुपार, ते टाळ, पालथा झालेला तो कागद, सगळं एकदम समोर आलं. मला काही आठवावं लागलं नाही.

तुम्ही जाणता, तरी सांगते. उजव्या सोंडेचा देव कडक. त्याचं सोवळं वेगळं, त्याच्या पूजेचे नियम वेगळे, चुकलं तर गावाला भोगावं लागतं असं आमची माणसं मानतात. गाभाऱ्यातली आमची मूर्ती डाव्या सोंडेची, घरच्यासारखी, चुकलंमाकलं पोटात घालणारी. तिच्यापुढं हा पडदा कसा लागणार?

"उस्ताद," बापूसाहेब म्हणाले, "ही सोंड कुणीकडं आहे?"

उस्ताद खाली बसले, हात पुढं केला आणि कपाळापासून सोंडेच्या टोकापर्यंत बोटं फिरवली. हळूहळू, लेकराच्या तोंडावरून फिरवावीत तशी. मग हात मागं घेतला.

"उजवीकडं," ते म्हणाले.

"हे झालं कसं?"

"चेहरा मी भरला, साहेब. चूक माझी."

"अहो, पण रेखाटन कुणी केलं? ते आधी..."

"रेखाटनाचं कोन विचारतंय? चेहऱ्याला उस्ताद जबाबदार. माझ्या बापानं हेच शिकवलं मला."

मागून कुणीतरी बोललं, फार हळू नाही, ऐकू जाईल असंच. "त्यांना काय आपल्या देवाचं. डावा काय आन उजवा काय." आणि दुसरा म्हणाला, "का मुद्दामच केलं असंल." कुणी त्याला गप्प बस म्हटलं नाही.

माझ्या तोंडाशी शब्द आला होता. अगदी दातांपर्यंत आला होता. मी केशवदादाकडं बघितलं. खाका कोण टाकतं हे त्याला माहीत होतं. ओवरीत रोज दहा वेळा त्याची येजा होती. त्यानं मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात दोन खोल्या होत्या, चार लेकरं होती, गुरवकीची सेवा होती. मी शब्द गिळला. कुणी माझं तोंड दाबलं नव्हतं. मी आपणहून गिळला.

"हा भाग काढून टाका," भटजी म्हणाले. "मूर्तीवर कात्री नको. कडेनं कापा आणि नदीत सोडा."

"उस्ताद, तुम्हीच कापा," बापूसाहेब म्हणाले.

उस्तादांनी कात्री घेतली. डाव्या हाताचं बोट प्रभावळीच्या कडेकडेनं पुढं सरकत होतं आणि कात्री त्या बोटामागून चालत होती. मखमल कापताना आवाज होतो, कोरडा. एवढ्या माणसांत तेवढाच आवाज होता. एक टाका कुठं तुटला नाही. कापून झाल्यावर पडद्याच्या मधोमध देवाएवढं भोक पडलं आणि त्यातून खालची चटई दिसायला लागली.

"बापूसाहेब," ते उभे राहत म्हणाले, "पडदा ऱ्हाऊ दे. पर यंदा दोरी..."

"दोरी पडद्याची असते, उस्ताद. पडदाच नाही, तर दोरी कसली?"

"धोतर लावा की. साधं पांढरं धोतर लावा. मी ते सारीन."

"माणसं काय म्हणतायत ते ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं," उस्ताद म्हणाले.

कापलेला तुकडा नदीत सोडायला मलाच पाठवलं. फूल सोडलं की तरंगत जातं. हा चांदीनं जड झालेला. हातातून सुटला आणि सरळ खाली गेला.

घरी आले. वहिनी पाणी भरायला गेली होती. मी कापडाच्या बोचक्यातून गणपतीचा खाका काढला. कागदाला एक गुळगुळीत बाजू असते आणि एक भोकं वर आलेली, खरखरीत. खडू खरखरीत बाजूला बसला होता. बसायला नको तिथं. ज्याला या कामाचं थोडं जरी कळतं त्यानं तो कागद हातात घेतला असता, तर काय झालं आणि कुणाच्या हातून झालं, ते लगेच समजलं असतं. मी तो चुलीत घातला. रॉकेल मुरलेला कागद. घालायच्या आधीच पेटल्यासारखा पेटला.

चतुर्थीला गाभाऱ्याच्या दाराला साधं धोतर लावलं होतं. सकाळी बापूसाहेबांनी मला बोलावून घेतलं. "गुरवाची लेक आहेस, सोवळ्यात आहेस, कामावर राबलीयस. यंदा दोरी तू ओढ." मी नाही म्हणाले नाही. नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं.

टेंबेबुवा त्या दिवशी असे रंगले होते की काय सांगू. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मी दाराशी दोरी धरून उभी, आणि आयुष्यात पहिल्यांदा कीर्तन माझ्या कानांत शिरत नव्हतं. बुवांचा हात वर गेला. मी ओढलं. धोतर सरलं, घंटा वाजली, गुलालाचा लोट उठला. सगळ्यांचे डोळे देवाकडं. मी मात्र वळून माणसांत बघत होते.

उस्ताद आले होते. शेवटच्या खांबापाशी, चपला काढतात तिथं उभे होते. हात जोडलेले, तोंड वर केलेलं, गालांवरून पाणी वाहत होतं. पण ते देवाकडं बघत नव्हते. आमची मोठी घंटा गाभाऱ्याच्या दारात नाही, ती इथं, बाजूच्या कमानीत टांगलेली आहे. उस्तादांनी तोंड केलं होतं घंटेच्या आवाजाकडं. त्यांच्यापुढं हातभर अंतरावर दगडी खांब होता, आणि ते त्या खांबाला हात जोडून रडत होते. कुणीतरी उधळलेली गुलालाची मूठ त्यांच्या तोंडावर आली. त्यांची पापणीसुद्धा लवली नाही.

दोरी हातात असतानाच मला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. चाँदबी चाची, त्यांची बायको, दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला आत ये म्हटलं नाही.

"आता कशाला आलीस?"

"चाची, उस्तादांचे डोळे..."

"तुला आज कळलं?" ती तांदळातून मान वर न काढता म्हणाली. "एक दिवाळीच्या आदी गेला. दुसरा मागल्या म्हैन्यात. मी म्हनलं, सांगा देवळात, पोरगीला तरी सांगा. तर म्हनाले, सांगितलं की दुसरा उस्ताद आणतील. दोरी जाईल. बोटं हायत अजून, म्हनाले. आन रेष द्वारका टाकत्या, ती चुकायची न्हाई. कागदाच्या भोकांतनं पूड उतरली की मखमलीवर खडूची रेघ चिकटून ऱ्हाती, ती बोटाला लागती म्हनं. तुझ्या रेषेवर चाललं त्यांचं बोट, चार दिस."

चेहरा भरताना दुसऱ्याची नजर नसावी, ही त्यांच्या घरची रीत कधीच नव्हती.

मी आत गेले. ते बाजेवर बसले होते. मी पाय धरले.

"उस्ताद, खाका मी उलटा टाकला."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"मंडपात हात फिरवला तवा. मी उजवी सोंड भरली न्हवती बेटी. मी तुझी रेष भरली हुती."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? खाका उलटा हाय म्हनलं असतं, तर इनामदारानं इचारलं असतं, तुझे डोळे कुठं हुते. तू तुझं झाकलंस, मी माझं झाकलं. तुझं झाकलेलं ऱ्हायलं. माझं बी ऱ्हायलं. फकस्त दोरी गेली."

"मी बापूसाहेबांना सांगते. सगळं सांगते."

"सांगशील?"

"सांगते."

"मग सांग," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "यंदाची चतुर्थी गेली, जाऊ दे. म्होरल्या सालाला तरी. मग चेहरा नवा भर, त्या भोकात बसव. खाका हाय न्हवं तुझ्याजवळ?"

"जाळला," मी म्हटलं.

बाहेर चाचीच्या सुपाचा आवाज थांबला. जुना पडदा नदीत गेला होता. खाका चुलीत गेला होता. दोनशे वर्षांची ती सोंड आता कुठंच नव्हती.

"खाका जाळत न्हाईत, द्वारका," ते इतकंच म्हणाले. मला बेटी म्हणायचं विसरले, का म्हणायचं नव्हतं त्यांना, मला माहीत नाही. मग चाचीला हाक मारली, "परात आन. पीठ टाक."

परातीत पीठ पसरून त्यांनी बोटानं सोंड काढली. पुसली. पुन्हा काढली. जुन्या पडद्यावर ते चाळीस वर्षं टिकल्या लावत आले होते. डोळ्यांना नव्हतं तरी हाताला ते वळण ठाऊक होतं. पंधरा दिवस मी रोज जात होते. ते पिठात काढायचे, मी कागदावर उतरवायची, मग त्या रेषेवर भोकं पाडून कागद त्यांच्या हाती द्यायची. "इथं पोट जास्त आलं. इथं देव हसतोय, हसू दे जरा." शेवटी एके दिवशी त्यांनी कागदावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यो माझ्या खापरपणज्याचा."

त्या पंधरा दिवसांत बापूसाहेबांना सांगितलंस का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. माझं पाऊल वाजलं की मान मात्र वर करायचे, आणि मी काही बोलले नाही की ती पुन्हा खाली जायची. मी आज जाईन, उद्या जाईन म्हणत होते. वहिनीचं बाळंतपण आलं. बापूसाहेब परगावी गेले. शिमगा आला. कारणं काय, मिळतात.

शिमग्यानंतर चौथ्या दिवशी उस्ताद गेले. ताप आला आणि दोन दिवसांत आटोपलं. त्यांना नेताना मी लांब वडाखाली उभी होते. चाची माझ्यापाशी आली नाही. नंतर ती भावाच्या गावी निघून गेली. त्यांना मूल नव्हतं.

मग मात्र मी गेले बापूसाहेबांकडं. सगळं सांगितलं, खाक्याचं, चुलीचं, डोळ्यांचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाले, "माणूस गेला. आता ही गोष्ट उठली तर तुझ्या भावाची सेवा जाईल आणि गावात नसता वाद होईल. झालं ते देवाला माहीत आहे. तू पडदा पुरा कर."

"आणि दोरी?"

"दोरी तूच ओढ."

मी पडदा पुरा केला. वर्षभर एकटीनं. पुढच्या माघात तो लागला, आणि चतुर्थीला दोरी मी ओढली. तेव्हापासून एक्केचाळीस वर्षं मीच ओढतेय. लोक माझ्या पाया पडतात. माझ्या हाताला देवाचं वरदान आहे म्हणतात. कीर्तनात बुवा भक्तांची नावं घेतात, सजन कसायाची, कुंभाराची, माळ्याची, आणि मी दर वर्षी वाट बघते की आता कुणीतरी त्यांचं नाव घेईल. कोण घेणार? ठाऊक असलेल्यांत आता मी एकटी उरले, आणि बापूसाहेबांनंतर मी ते कुणाला सांगितलेलं नाही. आज तुम्हांला सांगितलं.

ते बघा, बुवा आले. चिपळ्या हातात घेतायत. मला आता दाराशी जायला हवं.

बुवांचा हात वर गेला की सगळे देवाकडं बघतील. तुम्हीही बघा, त्याच्यासाठीच तर आलोय आपण. पण पडदा सरायच्या आधी, श्वासभर, त्या मधल्या चेहऱ्याकडं बघा. ती सोंड एका आंधळ्या माणसानं पिठात काढलेली आहे. दस्तगीर त्याचं नाव. मोठ्यानं नको, मनातच घ्या, पण घ्या. आणि मी नसेन तेव्हा कुणी विचारलं, ही दोरी कोणाच्या घराची, तर माझं नाव सांगू नका.